मनूबद्दल, सविस्तर

सोलापूर, २० मे

प्रिय सुरेखा,

मनू घरी पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मोकळं बोलता आलं नाही.

पोरगी उर्मट झालीय असं तू म्हणतेस. मला ती तशी वाटली नाही गं. मे महिन्यातलं सोलापूर तुला सांगायला नको, अन् ही दादाचा ढगळ शर्ट घालून, खांदे आत ओढून घरभर फिरायची. एकदा शेजारच्या काकू जेवणाच्या वेळी आल्या, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "बाई, केवढी थोराड दिसायला लागली ही!" मनूने हातातली भाकरी तशीच ताटात ठेवली आणि आत निघून गेली.

बरोबरीच्या मैत्रिणींच्या आधी वयात येणाऱ्या मुलींना उदासी, चिंता यांचा धोका जास्त असतो. ते नुसत्या हार्मोन्समुळे नाही, लोकांच्या नजरा आणि बोलणीही त्याला कारण असतात. तेव्हा घरात तिच्या अंगावर, पिंपल्सवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. सासूबाईंनाही तूच सांग.

सुट्टीतही दहापर्यंत लोळते, ही तुझी दुसरी तक्रार. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरतं, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. मोबाईल रात्री बाहेर ठेवायला लाव, पण आळशी म्हणू नकोस. भावनांचा मेंदू आधी पेटतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून ती पाण्याच्या बाटलीवरून भडकते आणि मग एकटीच रडते.

तरी सगळंच 'वय आहे' म्हणून सोडू नकोस. दोन आठवडे मन उतरलेलंच राहिलं, मैत्रिणी, चित्रं सुटली, तर डॉक्टरांना दाखव. मरणाची भाषा आली किंवा स्वतःला इजा केलेली दिसली, तर एक दिवसही थांबू नकोस. मन बरं नसलेल्यांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा सरकारी नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ती माझ्याशी बोलली ती शेंगाचटणी कुटताना, खाली मान घालून. काय बोलली ते लिहीत नाही, तिला शब्द दिलाय. तूही असंच काहीतरी काम हातात घेऊन तिच्या शेजारी बस, प्रश्न विचारू नकोस. शाळा सुरू व्हायच्या आधी मी दोन दिवस येते.

तुझीच,
वैशाली