भावाचा रिपोर्ट खरा लिहिणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. भावाला विचारलं, तो म्हणाला, "लिही."

अमेरिकेत, इलिनॉयमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, की शिक्षा ठरण्याआधी कोर्टाला इव्हॅल्युएशनचा, म्हणजे माणसाच्या पिण्याच्या सवयीच्या तपासणीचा रिपोर्ट लागतो. भावाचा तो रिपोर्ट तुमच्याकडे आला. तुम्ही मराठी आहात हे कळल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. 'आपल्याच आहेत, सांभाळून घेतील,' असं कुणी तरी म्हणालंसुद्धा. हिशेब आधीच मांडून झाला होता: रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, भावाचा आकडा ०.१३. पहिलीच वेळ, ०.१५ च्या खाली, म्हणजे बाकी लक्षणं नसतील तर रिपोर्टवर धोक्याची सगळ्यात खालची 'मिनिमल' पायरी. १० तासांचा क्लास केला की सुटलो. व्हिसाची धास्ती होतीच, त्यामुळे कागदावर जितकं कमी येईल तितकं बरं, असं सगळ्यांचं चाललं होतं.

तुम्ही त्याला विचारलंत, "घरी किती घेता?" तो म्हणाला, "दोन पेग." तुम्ही वाद घातला नाहीत. कागदी पेला आणि पाण्याची बाटली पुढे केलीत. "ओतता तसा एक ओतून दाखवा." मग ते पाणी मापात ओतलंत. १२० मिली भरलं. इथे व्हिस्कीचं एक ड्रिंक ४४ मिलीचं धरतात, म्हणजे त्याचे दोन पेग साडेपाचच्या घरात गेले. तो मापाकडे बघत राहिला आणि मग आपणहून बोलायला लागला. सोडायचं ठरवून जमलं नव्हतं, सकाळच्या मीटिंगा बुडत होत्या, वहिनीशी अबोला होता. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं. प्रश्न मराठीत आले, म्हणून पाठ केलेली उत्तरं कामाला आली नाहीत, असंही म्हणाला.

त्याची संमतीची सही घेऊन तुम्ही मलाही बोलावलंत. मी "तो तसा नाहीये हो" म्हणून सुरुवात केली, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत तेवढंच सांगा." इतक्या नीट मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टवर 'सिग्निफिकंट' आलं, 'मिनिमल'च्या दोन पायऱ्या वरचं. १० तासांच्या क्लासखेरीज किमान २० तास उपचार. घरात नाराजी झाली, नको ते बोललं गेलं. तुम्ही मात्र भावाला समोर बसवून पानन् पान समजावलंत, त्याच्या कुठल्या उत्तरावरून काय लिहिलं ते दाखवलंत. आकड्यावर बोट ठेवून हलका रिपोर्ट देणं तुम्हाला सोपं होतं. मग त्याला उपचार मिळालेच नसते. तुम्ही तसं केलं नाहीत, त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, ताई. वहिनीही.

ते २० तास कधीच संपले. फुंकल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्रही निघालं. दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जायला आता कोर्टाने सांगितलेलं नाही, तरी तो दर आठवड्याला जातो.

हल्ली ओळखीतून मला फोन येतात, "सांभाळून घेणारं कुणी आहे का?" मी तुमचा नंबर देते, आणि तुम्ही खरं तेच लिहाल हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्या क्लायंटची मोठी बहीण