सुभेदारकाकांच्या पोचपावत्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या निधनवार्तेच्या सदरात गेल्या आठवड्यात इंदोऱ्यातील एका माजी सैनिकाच्या निधनाची चार ओळींची बातमी आली होती. वय ९१, महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सहभाग, मागे पत्नी, एक मुलगा, तीन मुली व नातवंडे असा परिवार. बातमीत चूक काहीच नव्हती. परंतु ज्यांच्या शेजारी मी सत्तावीस वर्षे राहिलो आणि बँकेत निवृत्तीवेतनाच्या खिडकीवर बसत असूनही निवृत्तीवेतन म्हणजे काय हे ज्यांच्याकडून शिकलो, त्या सुभेदारकाकांच्या बाबतीत चार ओळींवर थांबणे मला जड जाते आहे, म्हणून हे पत्र.

काका १९५३ साली भरती झाले. ज्या रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला आणि दुसरी पुढच्याच वर्षी आपल्या कामठीला उभी राहिली, तिच्यात उत्तर नागपुरातल्या पोराने जाणे यात नवल नव्हते. रेजिमेंट तेव्हा मशीनगनची होती. तिच्या बिल्ल्यावर आजही एकमेकींना छेद देणाऱ्या दोन विकर्स गन आहेत. या गनच्या नळीभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे, गोळीबार लांबला की ते उकळे, आणि निघणारी वाफ रबरी नळीतून डब्यात उतरवून तिचे पुन्हा पाणी करून घ्यावे लागे. युद्धाविषयी कोणी विचारले की काका शत्रूविषयी बोलत नसत, या पाण्याविषयी बोलत. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषणाला बोलावलेल्या काकांकडून हे ऐकताना मुलांचा थोडा विरसच होई. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ते दुपारी चारला कूलरची टाकी बादलीने भरत आणि बोट बुडवून पातळी पाहत. ती सवय कुठून आली, हे फक्त आम्हां शेजाऱ्यांना ठाऊक होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हा काकांना रजा मिळाली नाही. त्यांची आई आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेल्या काकू पांढरी लुगडी नेसून पायी गेल्या. काकांना ते नंतर पोस्टकार्डातून कळले, तेही दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, कारण घरात लिहिता येणारे कोणी नव्हते. आयुष्यात हुकलेल्या गोष्टी ते मोजत नसत, पण हा दिवस मोजत.

त्यांच्या पेटीत एक गठ्ठा होता, तो मी एकदाच पाहिला. दर महिन्याला घरी पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या त्या पोचपावत्या होत्या. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन ही पावती टपालखाते पाठवणाऱ्याकडे परत धाडत असे. बहुतेक लोक ती फेकून देत. काकांनी प्रत्येक पावती तारखेप्रमाणे सुतळीने बांधून ठेवली होती. सुरुवातीच्या सगळ्यांवर काकूंच्या डाव्या अंगठ्याचा निळा ठसा आहे, काही ठिकाणी शाई जास्त झाल्याने नुसता डाग. मग १९६४ मधल्या एका पावतीवर अंगठा नाही; तीन अक्षरे आहेत, पहिले मोठे, दुसरे रेघेखाली घसरलेले, तिसऱ्यावरची मात्रा शेजारच्या रकान्यात गेलेली. थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि तिच्या पाटीवर काकू रात्री गिरवत होत्या, हे काकांना कोणी कळवले नव्हते. ते त्यांनी सीमेजवळच्या छावणीत त्या पावतीवरूनच ओळखले. मला दाखवताना ते काही बोलले नाहीत, फक्त गठ्ठ्यातली तेवढीच पावती त्यांनी उलटून ठेवली नाही.

निवृत्तीनंतर लोक शेती करतात, पहारेकऱ्याची नोकरी धरतात. काकांनी कागद धरले. आमच्या भागातील जवानांच्या विधवा पिशवीत कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर येत, आणि ते त्यांचे अर्ज लिहून देत. आमची खरी ओळख तिथूनच झाली, आणि ती माझ्या चुकीतून झाली, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. सहाव्या वेतन आयोगानंतर वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तीवेतनात २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० आणि ९० व्या वर्षी ४० टक्के वाढ मिळू लागली, आणि ती कुटुंब निवृत्तीवेतनालाही लागू होती. परंतु जुन्या पीपीओवर, म्हणजे निवृत्तीवेतन देण्याच्या आदेशपत्रावर, पत्नीची जन्मतारीख नोंदवलेलीच नसे. तारीख नाही म्हणून वाढ नाही, असे सांगून त्र्याऐंशी वर्षांच्या एका बाईंना मी पाच-सहा वेळा परत पाठवले होते. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. सातव्या वेळी काका सोबत आले, पीपीओ माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "साहेब, पाहा बरं जी, तारीख नाही हा हिचा गुन्हा आहे का?" त्यानंतर महार रेजिमेंटच्या सागर (मध्य प्रदेश) येथील रेकॉर्ड ऑफिसशी आठ महिने पत्रव्यवहार झाला, प्रत्येक पत्राची प्रत त्यांनी मला आणून दिली आणि शेवटी सुधारित पीपीओ आला. थकबाकी बाई ऐंशीच्या झाल्या त्या तारखेपासून निघाली. ज्यांचे वडील फौजेत होते, त्यांनी घरातला पीपीओ आजच काढून आईची जन्मतारीख त्यावर आहे की नाही ते पाहावे. वडील हयात असताना ही दुरुस्ती फार सोपी असते.

घरात ते कडक होते, असे त्यांच्या मुली सांगतात, आणि नातवंडे ते मान्य करीत नाहीत. स्वतःला नव्वदीची ४० टक्के वाढ लागली तेव्हा त्यांनी गल्लीत तर्रीपोहे वाटले आणि आता शंभरीला दुप्पट होणार, सरकारला सोडणार नाही, असे सर्वांना बजावले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यानंतर कुटुंब निवृत्तीवेतनाच्या अर्जासाठी मी काकूंसोबत गेलो होतो. त्या आता ८७ वर्षांच्या आहेत. त्यांची जन्मतारीख काकांनी कधीच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे कुठेही अडले नाही. समोरच्या तरुण कर्मचाऱ्याने त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहून शाईचा पॅड पुढे सरकवला, तेव्हा काकूंनी तो बाजूला केला आणि पेन मागितले. दुसरे अक्षर अजूनही रेघेखाली घसरते.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, इंदोरा, नागपूर