बिल्ल्यावरचं नाव

न्यूपोर्ट, वेल्स
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही डोळे बारीक करून माझा बिल्ला वाचत होतात आणि विचारलंत, "हे नाव कोणाचं? मालकाचं का?" माझी पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती. शिवाय फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

मालक नव्हता, बाबा. खाणकामगार होता. अन्यूरिन बेव्हन त्याचं नाव. आपल्याकडे गिरणीला मालकाचं नाव असायचं, त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं. इथे या भागातली सगळी सरकारी इस्पितळं ज्या आरोग्य मंडळाखाली आहेत, त्याला एका युनियनवाल्याचं नाव आहे. कामाला लागल्यापासून मी ते छातीवर लावून फिरते आणि तुम्ही विचारेपर्यंत मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मंगळवारी सुट्टी होती, म्हणून बस धरून त्याच्या गावी, ट्रेडेगरला, जाऊन आले. गावाबाहेर उघड्या माळावर चार मोठाले दगड उभे केले आहेत. एक त्याचा, बाकीचे तीन त्याच्या मतदारसंघातल्या तीन गावांचे. तो लोकांशी बोलायचा ती हीच जागा. वारा असा की माझ्या डोक्यावर टोपी ठरेना. दगडाला हात लावला तर बर्फासारखा गार. मला आपलं कामगार मैदान आठवलं, तुम्ही मला खांद्यावर घेऊन सभेला न्यायचात ते.

आणि हा माणूस लहानपणी तोतरा होता! एखाद्या शब्दावर जीभ अडायची, म्हणून त्या अर्थाचा दुसरा शब्द तयार ठेवायचा. त्यासाठी कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून काढायचा. पुढे तो पार्लमेंटमध्ये उठला की चर्चिललासुद्धा जपून बोलावं लागायचं.

जन्म १८९७ चा. शाळा सोडून तेराव्या वर्षी खाणीत उतरला. एकोणिसाव्या वर्षी खाणीतल्या युनियनच्या शाखेचा अध्यक्ष. युनियननेच त्याला लंडनला कामगार कॉलेजात दोन वर्षं शिकायला पाठवलं. १९२१ मध्ये परत आला तर कोणी कामावर घेईना. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला गिरणी संप मोडल्यावर तुम्ही गेटवर रोज जाऊन परत यायचात, आई काही न विचारता चहा ठेवायची.

इथल्या खाणवाल्यांचा असाच एक संप झाला, १९२६ साली. बाकीच्या युनियन नऊ दिवसांत मागे सरल्या, खाणवाले मात्र महिनोन् महिने उपाशी राहून लढले आणि शेवटी कमी पगारात, जास्त तासांवर परत गेले. बेव्हन तेव्हा गावातल्या युनियनचा पगारी माणूस होता. त्यानंतर १९२८ मध्ये तो जिल्हा कौन्सिलवर आणि १९२९ मध्ये पार्लमेंटवर निवडून गेला.

याबद्दल त्याने पार्लमेंटमध्येच एक आठवण सांगितली होती. लहानपणी वडिलांनी गावातला एक दुकानदार दाखवून सांगितलं, हा फार मोठा माणूस, कौन्सिलवर आहे, सत्ता तिथे असते. मोठा झाल्यावर हा कौन्सिलवर गेला तर कळलं, सत्ता इथे होती खरी, पण आत्ताच निघून गेली. जिल्ह्याच्या कौन्सिलवर गेला, तिथूनही निघून गेलेली. असा माग काढत तो लंडनपर्यंत पोचला. मला वाटतं, तुम्हा सगळ्यांना १९८४ मध्ये हेच वाटलं असणार. इंदिराबाई गेल्यावर अख्खा देश काँग्रेसच्या मागे असताना गिरणगावाने आपल्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं. घाटकोपरला दगडखाणीतल्या मजुरांना तपासता तपासता डॉक्टर युनियनमध्ये आले आणि इथे खाणीतला मजूर आरोग्यमंत्री झाला. डॉक्टरांना दिल्लीत काही करता आलं नाही असं दादा म्हणतो, तेव्हा तुम्ही जेवणावरून उठता. मला आता त्याचं उत्तर सापडलंय. १९४५ मध्ये बेव्हन मंत्री झाला तेव्हा त्याच्या मागे मजूर पक्षाचे ३९३ खासदार होते. आपले डॉक्टर तिथे एकटे होते. माणूस कमी पडला नाही, बाबा, मागची रांग कमी पडली.

आता त्याने केलं काय ते सांगते. ट्रेडेगरच्या कामगारांची स्वतःची एक संस्था होती. पगारातल्या दर पौंडामागे ठरलेल्या पेनी कापून द्यायच्या आणि त्यातून डॉक्टर, औषध, दवाखाना सगळं. आपल्या चाळीतल्या भिशीसारखं, फक्त दुखण्यासाठी. बेव्हन तिथल्या दवाखान्याच्या कमिटीवर होता. मंत्री झाल्यावर त्याने ठरवलं की ट्रेडेगरला जे आहे तेच सगळ्या देशाला द्यायचं आणि तेही वर्गणी न मागता, सरकारी तिजोरीतून. डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं. ४०,००० च्या वर डॉक्टर विरोधात, बाजूने ५,००० सुद्धा नाहीत. तो वाटाघाटीत मुरलेला माणूस. मोठ्या डॉक्टरांना इस्पितळात खासगी पेशंट ठेवायची मुभा दिली, गल्लीतल्या डॉक्टरांना पगारी नोकर करणार नाही असं लिहून दिलं, पण मूळ गोष्ट सोडली नाही. पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. ५ जुलै १९४८ ला ही योजना, म्हणजे इथली राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस), सुरू झाली आणि २,६०० हून जास्त इस्पितळं एका दिवसात सरकारकडे आली.

आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या सभेत तो विरोधी पक्षाला किडे म्हणून गेला. ते बोलायला नको होतं. पण गरिबीत घालवलेली वर्षं आठवून बोलत होता, आणि तुमच्याही तोंडून मिल मालकांबद्दल मी काय काय ऐकलंय.

पुढे १९५१ मध्ये त्याच्याच सरकारने शस्त्रांसाठी पैसे उभे करायला चष्म्यावर आणि कवळीवर फी लावली. त्याने राजीनामा दिला. लोक म्हणाले, चष्म्यासाठी मंत्रिपद सोडतो? मला ते वाचताना संपातला तुमचा चष्मा दिसला. काडी तुटलेली, आईने काळ्या दोऱ्याने बांधलेली, आणि तुम्ही तो कानावर धरून जिन्यातल्या बल्बखाली पेपर वाचताय. दोन वर्षं तसाच होता. त्याने सोडलं ते बरोबरच केलं.

आता खरं सांगायचं ते. बेव्हनचे वडीलही खाणीत होते. कोळशाच्या धुळीने छाती गेली आणि १९२५ मध्ये मुलाच्या कुशीतच गेले. नुकसानभरपाईच्या कायद्यात तो रोग धरलेलाच नव्हता, त्यामुळे घराला एक पैसा मिळाला नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात बावीस वर्षं होतात. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी असायची आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलात की आवळायची. आजी म्हणायची, बिडी सोड. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, बाबा, कापसाच्या धुळीने होतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरणं हीच त्याची खूण. मला ते नर्सिंग शिकताना कळलं, आणि तरी इतकी वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात दादाबरोबर जा. छातीचा एक्स-रे काढा आणि फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजतात ती तपासणीही करा. डॉक्टरांनी काय काम करत होतात विचारलं तर नुसतं "गिरणीत" म्हणू नका. खातं सांगा, वर्षं सांगा, सुट्टीच्या दिवसाचं सांगा. ते घाईत असतील तरी पूर्ण सांगितल्याशिवाय उठू नका. पैसे मी दादाच्या खात्यात टाकले आहेत.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं तेल पाठवलंय, ते चोळून झाल्यावर हात साबणाने धुवायला सांगा. दगडांचा फोटो दादाच्या फोनवर आहे, तेवढा मोठा करून बघा.

तुमची,
ताई