नाना, तुझे ट्रेसिंग हवे आहे

लक्ष्मीनगर, नागपूर
दि. 12 जून

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोचणी मनाला आहे. माझी साखर आटोक्यात आहे आणि गुडघा पूर्वीसारखाच आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही, कारण 1988 साली या इमारतीचे स्लॅब पडत होते तेव्हा माझ्या शेजारी तूच उभा होतास.

गेल्या महिन्यात, ऐन दुपारी, दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीतली पाण्याची मुख्य नळी फुटली. पाणी जिन्यावरून खाली वाहत होते आणि ते बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे बत्तीस घरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. ते ठाऊक असलेले आपले मिस्त्री संक्रांतीपूर्वी वारले, हे तुला कळवायचेही राहून गेले. शेवटी सहा तासांनी मीटरच्या खोलीत, रद्दीच्या गठ्ठ्यांमागे तो व्हॉल्व्ह सापडला. तोवर गच्चीवरची टाकी कोरडी पडली होती आणि तळमजल्यावरच्या आजींच्या पलंगाखाली पाणी साचले होते.

त्या पाण्यात उभा असताना मला आपले भांडण आठवले. तुळई आडवी आली म्हणून नळी नकाशापासून सरकवावी लागली, तेव्हा भिंत बुजवण्याआधी ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा नळकामाचा नकाशा, दुरुस्त करू, असा तुझा आग्रह होता. मी म्हणालो होतो, 'मिस्त्रीला ठाऊक आहे, तेवढे पुरे.' तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नाना, तुझे बरोबर होते. (तुझे अक्षर वाचायला मिस्त्रींनी भिंग मागवले होते, तेही आठवले आणि त्या गोंधळातही हसू आले.)

तेव्हापासून इमारतीची सारी माहिती एका जागी आणण्याच्या कामाला मी लागलो आहे. या कामाच्या तयार सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी आमच्या दुरुस्ती निधीला झेपणारी नव्हती, म्हणून फुकट मिळणाऱ्या साधनांकडे वळलो. सुरुवात लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्ते करायच्या सॉफ्टवेअरमधल्या तक्त्याने केली. पण चार जणांनी नोंदी भरल्यावर एकच व्हॉल्व्ह 'गच्चीचा', 'टेरेसचा' आणि 'टाकीखालचा' अशा तीन नावांनी तीन ओळींत जाऊन बसला. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक ठोकलेला पितळेचा बिल्ला तारेने त्या वस्तूला बांधला. कागदी चिकटपट्टी नागपूरच्या उन्हात एक मोसमही धरत नाही.

नंतर हा तक्ता एसक्यूलाइट या माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेला. त्यातला सगळा विदा (डेटा) एकाच फाईलमध्ये राहतो आणि ती फाईल पेनड्राइव्हवर टाकून कोणालाही देता येते, हे मला फार आवडले. मात्र तिथेही एक धडा मिळाला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून नोंदी भरताना एक पंप मी चुकून अस्तित्वातच नसलेल्या खोलीत बसवला आणि एसक्यूलाइटने ती नोंद निमूट स्वीकारली. दोन तक्त्यांमधला हा दुवा तपासणारा पहारा त्यात मुळात बंद असतो आणि जोडणी उघडताना दर वेळी आज्ञा देऊन तो सुरू करावा लागतो, हे शोधायला माझी एक अख्खी रात्र गेली.

तुला खरा रस वाटेल तो आयएफसीमध्ये. इमारतीच्या माहितीसाठीचा हा खुला आराखडा आयएसओ 16739 या क्रमांकाने मानक झालेला आहे आणि तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्याची फाईल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर इमारत, तिचे मजले, मजल्यावरच्या खोल्या आणि खोलीतल्या वस्तू अशी उतरंड ओळीओळीने दिसते आणि प्रत्येक वस्तूला 22 अक्षरांची स्वतंत्र ओळख असते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरवर चालणारे बॉन्साय हे जोडसाधन वापरून मी पंपघर आणि नळ्यांचा उभा डक्ट एवढाच भाग संगणकावर उभा केला आहे. 'पंपघर' हा शब्द मी देवनागरीत लिहिला, तर फाईलमध्ये तो संकेतांकांची माळ होऊन उतरला. क्षणभर धस्स झाले, पण बॉन्सायमध्ये पुन्हा उघडताच तो शब्द जसाच्या तसा समोर आला.

साधनांना पैसा लागला नाही, नाना, पण नोंद ठेवणारा हात कुठून आणू? गेल्या आठवड्यात प्लंबर एक व्हॉल्व्ह बदलून गेला, जुना बिल्ला त्याच्यासोबत भंगारात गेला आणि मला ते चार दिवसांनी कळले. कार्यकारिणी बदलते, माणसे घरे विकून मनीषनगरला जातात. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावे लागते. पुढच्या ऑडिटला कोणता कॉलम केव्हा दुरुस्त केला हे विचारतील, तेव्हा उत्तर द्यायला मी असेनच असे नाही. एके काळी सारे मिस्त्रींच्या डोक्यात होते, आता ते माझ्या संगणकात आहे, आणि रात्री जाग आली की या दोहोंत फरक काय, हेच मनात घोळत राहते. चौकीदाराची मुलगी बारावीला आहे, ती रविवारी येऊन नोंदी भरायला शिकते आहे. परवा तिने माझी एक चूक पकडली, तेव्हा फार बरे वाटले.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले ना? धाकटीच्या नोकरीचे कळव.

आता मुख्य मागणी. माझ्याकडचे नकाशे माळ्यावर वाळवीने खाल्ले. भांडणानंतर तू हट्टाने दुरुस्त केलेले नळकामाचे ट्रेसिंग तू घरी नेले होतेस, बहुधा अण्णांच्या लोखंडी पेटीत असेल. सापडले तर घडी उलगडण्याची घाई करू नकोस, कागद तडकेल. एक दिवस सपाट ठेवून मग खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो काढ, आणि कोपऱ्यातली मोजपट्टी फोटोत येऊ दे. डक्टपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंतचे अंतर मला त्या एकाच कागदावर मिळणार आहे.

तुझा,
बापू