मारव्याच्या त्या संध्याकाळबद्दल, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर ठेवतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. जाहीर कौतुक तुम्हाला रुचत नाही, हे ठाऊक आहे. पण २२ सप्टेंबरच्या त्या संध्याकाळी गच्चीवर जी वीसेक माणसं बसली होती, त्यांतल्या निम्म्यांनी नंतर मला "कार्यक्रम छान बसवलास" म्हणून शाबासकी दिली आणि मी ती मुकाट्याने खिशात घातली. तेव्हापासून टोचतंय. मी बसवलेला कार्यक्रम तुम्ही मोडलात, म्हणून तो चांगला झाला.

मूळ बेत काय होता, हे इतरांनाही कळू द्या. शरदसंपाताचा, म्हणजे दिवस-रात्र समान मानतात तो शरदातला दिवस साजरा करायचा. आधी माझं चाळीस मिनिटांचं व्याख्यान, १४ स्लाइड्ससकट. मग प्रत्येकाने ऋतूबद्दल दोन शब्द बोलायचे. शेवटी तुमचं गाणं, तेही "शरदाला शोभेल असं, जरा उदास". हे शब्द माझेच. फोनवर तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि म्हणालात, "उदास कशाला? त्या दिवशी अर्ध्या पृथ्वीवर वसंत सुरू होतो ना?"

आकाशदर्शनाचा नाद असलेल्या माणसाला हे गाणाऱ्या बाईने सांगावं! दक्षिण गोलार्धात तो वसंतसंपातच असतो. एकच क्षण. २०२५ साली तो जागतिक प्रमाणवेळेनुसार १८ वाजून १९ मिनिटांनी आला, सूर्याने खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताची आकाशातली रेषा) उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडलं आणि झालं. उदास की प्रसन्न, हे आपण कुठे बसलोय त्यावर.

तुमचा दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. "दिवस आणि रात्र समान म्हणता, म्हणजे किती समान?" मी वर्षानुवर्षं 'बारा तास, बारा तास' असं घोकून सांगत आलो होतो. तुमच्यामुळे नीट हिशेब मांडला. त्या दिवशी दिवस थोडा मोठाच असतो. अगदी विषुववृत्तावरसुद्धा तो बारा तासांहून सहा-सात मिनिटांनी जास्त भरतो. एक तर सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, तबकडी आहे, आणि तिची वरची कड बुडेपर्यंत आपण दिवस मोजतो. दुसरं म्हणजे वातावरण प्रकाशाला वाकवतं. क्षितिजाशी हे वाकणं साधारण ३४ कला (साठ कलांचा एक अंश), आणि सूर्याची तबकडी सुमारे ३२ कलांची. म्हणजे मावळता सूर्य क्षितिजाला नुकता टेकलेला दिसतो, तेव्हा तो खरं तर अख्खा खाली गेलेला असतो. आपण पाहतो ती हवेने वर उचललेली त्याची प्रतिमा.

हे ऐकून तुम्ही जे म्हणालात, ते मी वहीत लिहून ठेवलंय. "मग सूर्यास्ताचा राग मारवाच गायचा. त्यात षड्ज, म्हणजे सा, असाच असतो. मी त्याच्यावर थांबत नाही, पण तानपुऱ्यात तो सतत असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आत्ता येईल, आत्ता येईल."

त्यानंतर सूत्रं तुमच्याकडे गेली. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सुरुवात. दिवे नाहीत, माईक नाही, पडदा नाही. माझ्या वाट्याला तीन वाक्यं. चौदा स्लाइड्सची तीन वाक्यं करताना मी किती कुरकुर केली, ते इथे लिहीत नाही, तुम्ही ऐकलीच आहे. शेवटी एवढंच उरलं: आज सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. ध्रुवांजवळचा भाग सोडला, तर पृथ्वीवर कुठेही बसलात तरी आज हेच खरं. तेव्हा आपापली पश्चिम नीट बघून ठेवा. लोक खरोखर वळले आणि बघू लागले. एकाने मोबाइलमधलं होकायंत्रही काढलं. स्लाइड दाखवून माझ्याच्याने हे कधी झालं नव्हतं.

आणि तानपुरा! तो मी सांभाळतो म्हणालो होतो. म्हणजे फोनवरचं ॲप लावणार होतो. लावलंही, अगदी ऐटीत. तुम्ही डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकलीत आणि हळूच म्हणालात, "अहो, पंचम, तो प, बंद करा. या रागात पंचम नाही." सगळे हसले. सेटिंग सापडेना. मी चष्मा शोधतोय, सूर्य काही माझ्यासाठी थांबत नाहीये, आणि तुम्ही शांतपणे फोन हातात घेऊन पहिली तार निषादावर (नी) आणलीत. वीस माणसांसमोर अपमान न वाटता चूक सुधारली जाणं, हे माझ्या वाट्याला फार वेळा आलेलं नाही. त्याचे आभार वेगळे.

मारव्यातलं मला कळतं ते थोडंच. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), आणि सगळा भार रिषभ-धैवतावर (रे-ध). पण प्रकाश उतरत गेला तसं तो थांबून राहिलेला रिषभ ऐकताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. तुम्ही षड्जावर आलात तेव्हा सूर्य दिसेनासा होऊन काही मिनिटं झाली होती. कोणी टाळी वाजवली नाही. त्याबद्दल कोणाला आधी सांगितलंही नव्हतं.

मग पूरिया राग. सुरू करण्याआधी तुम्ही तेवढंच बोललात: सूर तेच आहेत, एकही बदललेला नाही, फक्त आता वजन गंधार-निषादावर (ग-नी) आहे. मला आधी खरं वाटेना. तेच सहा सूर, आणि अडकलेलं ते काहीतरी सुटून खाली बसलं. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या एका मुलीने त्याच वेळी बोट दाखवलं. शनी वर आला होता. आदल्याच दिवशी त्याची प्रतियुती झालेली, म्हणजे आपल्या दृष्टीने तो सूर्याच्या बरोबर समोर. सूर्य शरदसंपाताच्या बिंदूवर आणि शनी जवळजवळ वसंतसंपाताच्या बिंदूवर. सहा महिन्यांनी सूर्य जिथे असणार, ती जागा तो आम्हाला दाखवत होता. अमावस्या नुकतीच सरल्यामुळे चंद्राचा उजेडही आड आला नाही. हे मला आधी ठाऊक असायला हवं होतं. होतंही, आठव्या स्लाइडवर.

तुम्ही गाणं थांबवल्यावर कागद वाटले, तीही तुमचीच कल्पना. "बोलायला लावू नका, माणसं भाषण करतात." प्रश्न मात्र मी काढले, एवढं श्रेय राहू द्या. झाड पान टाकण्याआधी त्यातलं नत्र आणि इतर बरंच काही परत खोडाकडे ओढून घेतं. मग देठाशी पेशींचा थर तयार होतो आणि पान सुटतं. तसं या उजेडाच्या अर्ध्या वर्षातलं काय परत आत घ्यायचं, आणि काय सोडायचं? कागद कोणी कोणाला दाखवायचा नव्हता. तरी एका आजोबांनी न विचारता वाचून दाखवला. "दिवस लहान झाला की घरातली माणसं लवकर घरी येतात. ते मला हवंय." बाकी काही लिहिलं नव्हतं.

त्यांना मी वसंतसंपात ते शरदसंपात १८६ दिवस आणि तिथून परत १७९ दिवस, हा हिशेब सांगितला. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पुढे सरकते, त्यामुळे आपल्या गोलार्धातला लहान दिवसांचा भाग आठवडाभर लवकर संपतो. आजोबा म्हणाले, "म्हणजे माझा आठवडा बुडाला." (संपाताच्या दिवशी अंडं उभं राहतं का, हेही एकाने विचारलंच. धीर असेल तर कुठल्याही दिवशी राहतं.)

सगळे उठायला लागले, तेव्हा मी तुम्हाला विचारलं की सकाळचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश फोटोत सारखाच दिसतो, मग रागांत कसा ओळखायचा? तुम्ही मध्यमाकडे बोट दाखवलंत. सकाळच्या भैरवात शुद्ध, संध्याकाळच्या मारव्यात तीव्र. म्हणून त्याला अध्वदर्शक स्वर म्हणतात, वाट दाखवणारा. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांच्या वेळेचा जो विचार मांडला, त्यातलं हे. आणि लगेच, "पण अपवाद आहेत हं," म्हणून सोहनी रागाची एक ओळ गुणगुणलात. वेळ तिची नव्हती, ती रात्रीच्या शेवटच्या प्रहराची, म्हणून नुसती ओळख करून दिलीत. मारव्याचे आणि पूरियाचेच सहा सूर, तीव्र मध्यमासकट, पण तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, झेपावणारे. अंधारात उभ्या उभ्या ते ऐकलं आणि मला दोन्ही संपात पहिल्यांदा समजले. दिवसाचं माप दोन्हीकडे तेच, सूर्य त्याच वर्तुळावर, फक्त ओढ वेगळ्या दिशेला. इतकी वर्षं आकृत्या काढून मी हे शिकवत आलो होतो.

तुम्ही त्या दिवशी मानधन घेतलं नाहीत, निघताना उरलेले कोरे कागद तेवढे मागून नेलेत. त्यांचं काय केलंत?

पुढचा वसंतसंपात २० मार्च २०२६ ला आहे. सोहनी ऐकायची तर पहाट होण्याआधी गच्चीवर यावं लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. आजोबांनी होकार कळवलाय, त्या मुलीनेही. फोनमधल्या तानपुऱ्याचं सेटिंग मी तेव्हापासून बदललेलं नाही. तार निषादावरच आहे.

तुमचा,
तीन वाक्यांचा वक्ता