माशाला टोपी चढवली की पात्र होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्या लागल्या की बालपुरवण्यांत ‘समुद्रातल्या प्राण्यावरून स्वतःचे पात्र तयार करा’ असे पान हमखास येते. शाळांच्या चित्रकला स्पर्धांतही हा विषय असतो. आलेली चित्रे पाहिली तर बहुतेकांत तोच हसरा डॉल्फिन, तेच कवचात मान ओढून घेणारे कासव आणि टोपी-चष्मा घातलेला तोच कुठल्याच जातीचा नसलेला मासा. दोष मुलांचा नाही. पानावर सूचनाच तशी असते: आवडता प्राणी काढा, त्याला कपडे घाला, छान नाव द्या. या क्रमाने गेले की प्राणी हा फक्त मुखवटा उरतो. आतला स्वभाव माणसाचा आणि बाहेरचा रंग माशाचा, एवढेच होते. खरे पात्र प्राण्याच्या शरीरातून आणि सवयीतून निघते. ते कसे काढायचे हे पुरवणीने नीट सांगावे, यासाठी हे पत्र.

आधी नेहमीच्या चुका. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. छापील चित्रांत सुद्धा या दोन्हींची सर्रास अदलाबदल झालेली दिसते. डॉल्फिनचे हसू ही त्याच्या जबड्याची ठेवण आहे, तो रागावला तरी ती तशीच राहते. त्यामुळे त्याच्या भावना डोळ्यांतून, मानेच्या कलातून आणि परांतून दाखवाव्या लागतात. आपल्या कोकण किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या डॉल्फिनच्या पाठीवर कुबडासारखा लांबट उंचवटा असतो आणि त्यावर पर असतो. तेवढा काढला तरी तो जाहिरातीतला डॉल्फिन न राहता इथला होतो. समुद्री कासवाला मान कवचात घेता येत नाही आणि कवच जाकिटासारखे काढताही येत नाही, कारण फासळ्या आणि पाठीचा कणा त्यालाच जोडलेले असतात. ऑक्टोपसचे तोंड डोळ्यांखाली नसते, आठही हात जिथे मिळतात तिथे तळाला असते. मुले नाक म्हणून जी नळी काढतात ती पाणी फेकण्याची आणि त्या जोरावर पोहण्याची नळी. डोके समजून फुगवलेली मागची पिशवी हे त्याचे धड, त्यात पोटापासून हृदयांपर्यंत सगळे असते.

2023 मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केले, तेव्हापासून पापलेटाची पात्रेही दिसू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे, पण पापलेट हा या कामासाठी अवघड मासा आहे. समोरून पाहिले तर तो जवळजवळ एक उभी रेघ असतो. शिवाय त्याला पोटाखालचे पर नसतात, म्हणजे पाय कशाचे करायचे हा प्रश्न राहतो. पाय नुसते चिकटवले तर ताटलीला काड्या खोचल्यासारखे दिसतात. पापलेट घ्यायचाच असेल तर तो तरंगता ठेवावा, छातीचे पर हात म्हणून वापरावेत आणि शेपटीचा खालचा लांब फाटा ठसठशीत काढावा. बारीक तोंड आणि त्या फाट्यावरूनच तो ओळखू येतो.

नवशिक्यांना आम्ही निवटी, म्हणजे चिखलावर परांच्या जोरावर सरकणारा छोटा मासा (मडस्किपर), सुचवतो. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांपासून कोकणातल्या खाजणांपर्यंत ओहोटीच्या चिखलावर ती उघड्या डोळ्यांनी दिसते, डुबकी मारावी लागत नाही. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. त्या चिप्पीच्या मुळांभोवतीचा चिखल हेच निवटीचे अंगण. पात्र घडवायला जे लागते ते तिच्या अंगावर आयते आहे.

डोळ्यांपासून सुरुवात करू. ते डोक्याच्या अगदी माथ्यावर, एकमेकांना लागून असतात. माणसासारखे चेहऱ्याच्या मधोमध आणले की निवटी संपली, तिचा बेडूक झाला. निवटी डोळे मिटते तेव्हा अख्खा डोळा खाली खोबणीत ओढला जातो आणि खालून कातडीची कड त्यावर चढते. डोळा ओला ठेवण्याची ही तिची रीत. म्हणून पापण्यांचे केस काढू नयेत. डोळा पूर्ण वर म्हणजे सावध, अर्धा बुडालेला म्हणजे कंटाळा, एक वर आणि एक खाली म्हणजे संशय. भुवई न काढता एवढे भाव मिळतात. राग पाठीवरच्या पुढच्या पराने दाखवावा. नर भांडताना आणि मादीला बोलावताना तो शिडासारखा ताठ उभारतात.

आता हातपाय. निवटीच्या छातीच्या परांना खांदा आणि कोपर असावे तसे दोन सांधे असतात. कुबड्या घेतलेल्या माणसासारखी ती दोन्ही पर एकदम पुढे टाकते आणि अंग ओढते. हे झाले हात. बोटे पाच काढायची गरज नाही. पराच्या काट्यांपैकी तीन जाड करावेत, मध्ये पडदा ठेवावा आणि सगळ्यात वरचा काटा अंगठ्याच्या कामाला लावावा, म्हणजे हातोडी धरता येते. पाय पोटाखालच्या परांचे करावेत. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण हे पर पोटाच्या शेवटी नसतात, छातीच्या परांच्या जवळजवळ खालीच असतात. म्हणजे पात्र उभे केले की छाती संपते तिथेच पाय सुरू होतात आणि मागे लांब शेपटी उरते. शेपटी कापून पाय खाली सरकवले तर पात्र माणसाच्या सांगाड्यावर ताणलेले कातडे वाटते. शेपटी ठेवली तर ती तोल सांभाळते, बसायला टेकू होते, उडी मारताना स्प्रिंग होते. निवटीच्या काही जातींत पोटाखालचे दोन पर जुळून एक चकती झालेली असते. तशी जात निवडली तर चकती दोन पायांत फोडायची की एकाच बैठकीसारखी ठेवायची, हे पहिल्या कच्च्या चित्रातच ठरवावे. पुढे बदलले तर सगळी चित्रे पुन्हा काढावी लागतात.

स्वभाव शोधायला सवयी पाहाव्यात. निवटी ओहोटीला बाहेर पडते आणि भरती चढली की बहुतेक वेळा बिळात जाते. तिला कातडीवाटेही श्वास घ्यावा लागतो, म्हणून अंग सतत ओले हवे. मधूनमधून ती डबक्यात लोळून घेते. कल्ल्यांच्या पोकळीत आणि तोंडात पाणी साठवते, त्यामुळे गाल फुगलेले दिसतात. काही जातींचे नर तोंडात हवा भरून बिळातल्या अंड्यांच्या खोलीत नेऊन सोडतात. आता याला माणसाचे काम द्यायचे तर ओहोटीला चालणारेच द्यावे. चिखलात टेकलेल्या होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकणारा मिस्त्री चांगला शोभतो. कामाची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर. खांद्यावर ओला पंचा हा नुसता पोशाख नाही, तो नसेल तर याचा श्वास अडेल. तोंडात पाणी आहे म्हणून बोलणे दोन शब्दांचे. होडीभोवतीच्या चार हात चिखलावर दुसरा कुणी आला की पाठीवरचा पर उभा. यातले काहीही वरून चिकटवलेले नाही. नायक डॉक्टर करू की क्रिकेटपटू, असा विचार करत बसण्यापेक्षा हा रस्ता सोपा आहे आणि त्यातून गोष्टही आपोआप सुचते, कारण अडचण पात्राच्या अंगातच आहे: दुपारचे ऊन, लांबलेली ओहोटी आणि वाळत चाललेला पंचा.

माणसाचे किती घ्यावे? उभे राहणे, हत्यार धरणे आणि एखादे वस्त्र, एवढे पुरते. नाक, कान, केस, ओठ यांतले काही आले की माप घसरते.

कागदावरचे काम असे करावे. प्रथम प्राण्याची तीन साधी चित्रे: बाजूने, समोरून आणि वरून. मग पात्राचे समोरून, तिरपे, बाजूने आणि मागून अशी चार चित्रे एकाच ओळीत, डोळा-खांदा-कंबर यांच्या आडव्या रेघा आखून. उंची तीन डोकी, म्हणजे डोक्याच्या तिप्पट, ठेवावी. निवटीचे डोके मोठे असल्यामुळे पाच-सहा डोकी उंची केली की ती सडपातळ माणूस होते. त्यानंतर सहा चेहरे आणि हातांच्या चार स्थिती. शेवटी आकृती पूर्ण काळी भरून 2 सेंटीमीटर उंचीची करून पाहावी. तेवढ्या काळ्या डागात माथ्यावरचे डोळे, पाठीचा पर आणि शेपटी वेगळी दिसली तर आकृती जमली. हात छातीवर घडी घातलेले असतील तर या चाचणीत नापास होतात, ते अंगापासून सुटे दाखवावेत.

वर्तमानपत्रात छापायचे तर आणखी काळजी हवी. कागद शाई पितो आणि छपाईचे चारही रंग (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) तंतोतंत एकावर एक बसतीलच असे नसते. अर्ध्या पॉइंटपेक्षा (पॉइंट म्हणजे इंचाचा 72 वा भाग) बारीक रेघ तुटते. बाह्यरेघ फक्त काळ्या शाईची ठेवावी. ती चार रंगांची केली की रंग किंचित सरकताच डोळ्याला दुहेरी कडा येते. चिखलाचा रंग निळा, किरमिजी आणि पिवळा सारख्या प्रमाणात मिसळून केला तर छपाईत गढूळ काळा होतो. त्यापेक्षा पिवळा 40, किरमिजी 15 आणि काळा 30 टक्के अशी सुरुवात करून पाहावी. चारही शायांची बेरीज कुठेही 240 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. रंग एकूण पाच पुरेत आणि त्यातला एक, पाठीच्या पराचा, झणझणीत असावा.

स्नेहसंमेलनासाठी याच पात्राचा अंगात घालायचा पोशाख करतात, तिथे अपघात होतात म्हणून थोडे लिहितो. डोळे माथ्यावर असल्याने घालणाऱ्याला त्यांतून दिसत नाही. पाहण्याची फट तोंडात ठेवावी आणि तिला काळी जाळी लावावी, बाहेरून ती तोंडाचा अंधार वाटते. डोके एक इंची फोमचे करावे, गोंद दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकल्यावरच दाबावा. ओला असताना दाबला तर सांधे निसटतात. डोळ्यांचे गोळे पोकळच हवेत. भरीव केले की डोके मागे कलते आणि मान दुखते. आत कपाळाला पट्टी आणि हनुवटीला पट्टा लागतोच. एकूण वजन दीड किलोच्या आत ठेवावे. कल्ल्याच्या जागी खऱ्या फटी कापाव्यात, हवा तिथून खेळते. शेपटी कमरपट्ट्याला अडकवून जमिनीपासून चार इंच वर ठेवावी, नाहीतर कुणीतरी तिच्यावर पाय देते आणि मूल तोंडावर पडते. किनाऱ्याच्या दमट हवेत 15 ते 20 मिनिटांवर पोशाख अंगावर ठेवू नये आणि सोबत हात धरणारे एक मोठे माणूस हवेच.

आता स्पर्धांच्या अटींबद्दल. ‘आलेल्या साहित्याचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील’ हे वाक्य आम्हाला फार खटकते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढताच हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणीची गरज नसते आणि तो हयातभर व मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. मासा माणसासारखा उभा करणे ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. तिचे कागदावर उतरलेले विशिष्ट रूप मालकीचे असते. म्हणूनच दुसऱ्याच्या पात्राचा रंग बदलून ‘माझे’ म्हणता येत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. मूल कायद्याने सज्ञान नसल्याने हा व्यवहार पालकांशीच करावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. सगळे हक्क दिले तरी ‘हे मी काढले’ असे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. पुरवणीला खरी गरज असते ती चित्र एकदा अंकात आणि संकेतस्थळावर छापण्याच्या परवानगीची. तेवढीच मागावी आणि चित्राखाली मुलाचे नाव द्यावे.

आपल्या पुढच्या अशा पानासाठी आमची विनंती इतकीच. प्राणी एकच द्यावा आणि तो किनाऱ्यावरून किंवा बाजारात पाहता येण्याजोगा असावा: निवटी, खेकडा, माकूल, बोंबील. त्याची बाजूची, समोरची आणि वरची अशी तीन मोठी छायाचित्रे छापावीत आणि कोणता पर कुठे जोडलेला आहे हे बाणांनी दाखवावे. ‘छान नाव द्या’ ऐवजी ‘हा प्राणी दिवसभर काय करतो, त्याला कशाची अडचण होते आणि ती तुमच्या चित्रात कुठे दिसते’ असे विचारावे. चित्रांसोबत मुलांनी पाहून काढलेले कच्चे चित्रही मागवावे आणि निवड करताना आधी ते पाहावे. जागा कमी असेल तर बक्षिसांची यादी लहान करावी, छायाचित्रे लहान करू नयेत.

आपले,
मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणारे काही चित्रकार, ठाणे