काकूंसाठी डॉक्टर शोधताना

सांगली

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर काकूंना घरी आणलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तू म्हणालास, "आता फिजिओ लावलाय, बाकी देवाच्या हाती." ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

फिजिओथेरपी चालू ठेवच. पण तिच्या जोडीला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनचे, म्हणजे पीएमआरचे, डॉक्टर गाठ. आपल्याकडे झटका आला की न्यूरोवाले जीव वाचवतात, डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी' एवढं लिहितात आणि पेशंट घरी येतो. मग खांदा दुखतो म्हणून हाडांचे डॉक्टर, लघवी आवरत नाही म्हणून दुसरे, झोप नाही म्हणून तिसरे. माणूस उठून पुन्हा आपलं आपण करू लागेल का, हे बघायला मात्र कुणीच नसतं. या डॉक्टरांचं कामच ते.

आमच्या अण्णांच्या वेळी मी मिरजेच्या न्यूरो डॉक्टरांनाच सरळ विचारलं, त्यांनी पुण्याला चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "संडासला कसं नेता? कमोड आहे का? उंबरा केवढा आहे?" मग अण्णांच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली बोट दाबलं आणि मलाही दाबून बघायला लावलं. तिथं बोट बसेल एवढा खळगा होता. लुळा हात नुसता लोंबत राहिला की त्याच्या वजनानं खांदा खोबणीतून खाली उतरतो, आणि उठवताना तोच हात ओढला तर आणखी बिघडतो. काकूंना हात धरून किंवा काखेतून कुणी ओढू देऊ नकोस. बसवलंस की हाताखाली उशी दे.

पुढे अण्णांची मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतायची. तेव्हा त्यांनी आखडलेल्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन दिलं. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, आणि तेवढ्यात व्यायामानं हात मोकळा करून घ्यायचा असतो. व्यायाम नसेल तर पैसे पाण्यात. पाऊल लोंबून चालताना अंगठा घासायचा, त्यासाठी मापाचा स्प्लिंट करून घेतला. हे सगळं आमच्या विश्रामबागच्या फिजिओथेरपिस्टला लेखी कळवलं, त्यामुळे रोजचं काम इथंच झालं. पुण्याला अधूनमधूनच जावं लागलं.

आता शोधायचं कसं. हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या चौकाचौकात दिसतात, ही पाटी शोधावी लागते. एम.डी. किंवा डीएनबी, आणि पुढे पीएमआर, अशी पदवी बघ. नुसतं 'रिहॅब सेंटर' लिहिलेलं पाहून जाऊ नकोस, तिथं डॉक्टर कोण आहेत ते आधी विचार. शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते. काकूंच्या न्यूरो डॉक्टरांकडून चिठ्ठी घे, आणि मोठ्या मेडिकल कॉलेजांत हा विभाग आहे का तेही फोन करून विचार. साताऱ्याहून पुणं तुला आमच्यापेक्षा जवळ. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची याच विषयाची संस्था १९५५ पासून आहे. तिथं कृत्रिम अवयव आणि पायाला आधार देणारे कॅलिपरही बनवतात.

भेटलात की एकच प्रश्न आधी विचार: "तीन महिन्यांनी आई काय करू शकायला हवी?" ज्यांना बसणं, उभं राहणं, स्वतःच्या हातानं जेवणं असं नेमकं उत्तर देता येतं, त्यांच्याकडे राहा. मी तरी तसंच केलं.

आणि वेळ काढू नकोस. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. नंतरही फरक पडतो, पण सावकाश. तोवर दर दोन तासांनी कूस बदलायला विसरू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना आजच सांग, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. शिवाय अपंगत्व राहिलंच, तर यूडीआयडी कार्डाचंही, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचंही, याच डॉक्टरांना विचारून ठेव.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि काकू बसताना-उठतानाचा व्हिडिओ पाठव. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मी घेतो, तू फक्त गाडीचं बघ. वहिनींना सांग, रात्रीच्या जागरणाला माणूस हवा असेल तर मी चार दिवस येऊन राहतो.

तुझा,
दत्ता